जुन्या संगणकास ग्राफिक्स कार्ड घेतांना

ज्या घरांत दहाबारा वर्षांचा संगणक आहे आणि नववीदहावींत शिकणारें एखादें मूल आहे, त्या घरांत केव्हां ना केव्हां ग्राफिक्स कार्डाची मागणी ऐकूं येतेच. मुलाचें म्हणणें असें कीं, नवा संगणक नको, फक्त एक कार्ड घेऊन द्या. वडिलांचें म्हणणें असें कीं, जें यंत्र आज कोणी फुकटही नेणार नाहीं त्यावर हजारों रुपये कशाला घालावयाचे ? नाकापेक्षां मोती जड ! मग दोघेही बाजारांत जातात आणि तडजोड म्हणून दुकानांतलें सर्वांत स्वस्त असें नवें कार्ड घेऊन परत येतात. माझ्या मतें ही तडजोड सर्वांत वाईट होय. कार्ड मुळींच न घेणें हें शहाणपणाचें असूं शकेल. विचार करून बेताच्या किंमतीचें पण खरें काम करणारें कार्ड घेणें हेंही शहाणपणाचें असूं शकेल. परंतु 'कार्ड घेतलें' एवढें म्हणतां यावें म्हणून सर्वांत खालच्या फळीवरचें खोकें उचलणें ह्यांत घरचा पैसा व मुलाचा उत्साह हीं दोन्ही एकदमच बुडतात. हें मत कोणत्या आधारावर बनलें आहे तें विद्यार्थ्यांपुढें व विशेषतः त्यांच्या पालकांपुढें मांडावें असें वाटतें.

प्रथम हें कार्ड करतें काय तें पाहूं. आपला नेहमींचा पडदा आडवा १९२० व उभा १०८० बिंदूंचा असतो. गुणाकार केल्यास २० लाख ७३ हजार ६०० बिंदु होतात. हलतें चित्र डोळ्यांस सलग दिसावें म्हणून दर सेकंदास ६० चित्रें काढावयाचीं म्हटलीं, तर १२ कोटी ४४ लाख १६ हजार बिंदूंचा रंग एका सेकंदांत ठरवावा लागतो. आणि एकेका बिंदूमागें पुन्हा अनेक बेरजा व गुणाकार आहेतच. संगणकाचा मुख्य प्रोसेसर बुद्धिमान खरा, पण २०१३ सालच्या सामान्य कार्यालयीन संगणकांत त्याचे हात चारच. लाखों सोप्या बेरजा करावयाच्या असतां वर्गांतलीं चार अत्यंत हुशार मुलें बसवावीं, कीं साधारण बुद्धीचीं नऊशें मुलें बसवून प्रत्येकास थोड्या थोड्या वांटून द्याव्या ? ग्राफिक्स कार्ड हा दुसरा मार्ग आहे. २०१९ सालीं निघालेल्या जीटीएक्स १६५० ह्या कार्डांत असे ८९६ गणक आहेत. जीटी ७१० ह्या अगदीं स्वस्त कार्डांत १९२.

परंतु नऊशें मुलें बसविलीं तरी त्यांच्यापुढें उदाहरणें वेळेवर येऊन पडलीं नाहींत तर तीं रिकामींच बसणार. उदाहरणें पुरविण्याचें हें काम कार्डावरील मेमरी करते, आणि ती दर सेकंदास किती गिगाबाइट माहिती पुरवूं शकते ह्यावर कार्डाची योग्यता पुष्कळ अंशीं अवलंबून असते. दुकानदार मेमरी किती मोठी तें सांगतो. ती किती वेगवान तें बहुधा सांगत नाहीं, आणि पुष्कळदां त्यासही तें ठाऊक नसतें. कोठार प्रशस्त असून दार अरुंद असेल तर धान्य बाहेर काढण्यास दिवस लागावयाचेच.

जीटी १०३० ह्या कार्डाची हकीकत ह्या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे. २०१७ सालीं एनव्हिडिया कंपनीनें तें काढलें तेव्हां त्यावर जीडीडीआर५ जातीची मेमरी होती आणि ती सेकंदास ४८ गिगाबाइट माहिती पुरवीत असे. पुढच्याच वर्षीं त्याच नांवाचें दुसरें कार्ड बाजारांत आलें. त्यावर डीडीआर४ ही साधी मेमरी, आणि वेग सेकंदास सुमारें १७ गिगाबाइट. आतां २०१३ सालच्या संगणकाची स्वतःची मेमरी घ्या. १६०० वेगाच्या डीडीआर३ जातीच्या दोन पट्ट्या जोडीनें लावल्या असतां ती सेकंदास २५.६ गिगाबाइट देते. म्हणजे खास चित्रांसाठीं म्हणून पैसे मोजून आणलेल्या कार्डाची मेमरी घरांतल्या जुन्या मेमरीहूनही मंद ! नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ह्या म्हणीस याहून चांगलें उदाहरण शोधूनही मिळणार नाहीं. न्यायासाठीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, घरची मेमरी प्रोसेसरशीं वांटून घ्यावी लागते व कार्डाची मेमरी सर्वस्वीं कार्डाचीच असते, शिवाय त्यांतील ३८४ गणकही कांहीं काम करतातच. त्यामुळें तें कार्ड अगदींच निरुपयोगी नव्हे. पण तेंच नांव वाचून पहिल्या कार्डाची अपेक्षा धरणाराच्या पदरांत खेळाच्या वेळीं निम्म्याच्या आसपासच गति पडते.

जीटी ७३० चा प्रकार याहून विचित्र. २०१४ सालीं निघालेल्या ह्या एका नांवाखालीं तीन निरनिराळीं कार्डें विकलीं गेलीं. एकांत ९६ गणक, तेही जुन्या पिढीच्या रचनेचे. उरलेल्या दोहोंत ३८४ गणक, पण त्यांतही एकावर मंद मेमरी व दुसऱ्यावर वेगवान. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें उन्हाळ्याच्या सुटींत काम करून मिळविलेल्या पैशांतून ह्या नांवाचें कार्ड घेतलें. खोक्यावर '४ जीबी' हीं अक्षरें बोटभर उंचीचीं होतीं. मेमरीची जात मात्र भिंगाखालीं वाचावी अशा अक्षरांत एका कडेला छापली होती. घरीं लावून पाहिल्यावर जो खेळ त्याला खेळावयाचा होता त्यांतील माणसें चालण्याऐवजीं उड्या मारूं लागलीं. तो दुकानीं परत गेला तेव्हां दुकानदारानें शांतपणें विचारलें, "कार्ड चालतें ना ? मग परत कसें घेऊं ?" ह्या प्रश्नास त्या मुलापाशीं उत्तर नव्हतें, कारण कार्ड चालत होतेंच. सुटीची कमाई मात्र गेली.

असल्या व्यवहारास लबाडी म्हणावें कीं नाहीं ह्यावर कायदेपंडितांनीं वाद घालावा. मला त्यांत टोंचतें तें हें कीं, नांवांचा हा गोंधळ तळाच्या मालांत सर्वांत जास्त आहे, आणि तळाचा माल घेणाराजवळ चूक पचविण्याइतका पैसा सर्वांत कमी असतो. वरच्या मालांत हा प्रकार झाला तेव्हां काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. २०२२ सालीं एनव्हिडियानें आरटीएक्स ४०८० ह्या एकाच नांवाचीं दोन भिन्न शक्तीचीं कार्डें जाहीर केलीं. त्यांतलें लहान ८९९ डॉलरांचें होतें. चोहोंकडून इतकी टीका झाली कीं, त्याच ऑक्टोबरांत कंपनीनें लहान कार्डाचें तें नांव मागें घेतलें, व जानेवारी २०२३ मध्यें तें आरटीएक्स ४०७० टीआय ह्या दुसऱ्या नांवानें विक्रीस आलें. जीटी १०३० वर टीका झाली नाहीं असें नाहीं. पण नांव तेंच राहिलें. आरटीएक्स ३०५० ह्या नांवाचेंही तेंच : २०२२ सालचें ८ जीबीचें कार्ड २५६० गणकांचें, आणि २०२४ सालचें ६ जीबीचें २३०४ गणकांचें. येथें निदान मेमरीच्या आंकड्यावरून तरी भेद ओळखतां येतो, एवढेंच समाधान.

आतां यंत्राकडे वळूं. कारण कार्डाची निवड दुकानांत होत नसून घरीं, संगणकाची पेटी उघडल्यावर होते, असें माझें ठाम मत आहे. आपल्याकडे जुने संगणक म्हणून जे घरोघरीं दिसतात त्यांतील पुष्कळसे मोठ्या कार्यालयांनीं वापरून विकून टाकलेले असतात. उदाहरणार्थ, इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर असलेला डेल कंपनीचा ऑप्टिप्लेक्स ९०२० घ्या. यंत्र दणकट, पण तें कचेरींतील पत्रव्यवहारासाठीं बांधलेलें. त्याच्या उंच पेटींतील पॉवर सप्लाय २९० वॅटचा व लहान पेटींतील २५५ वॅटचा असतो. ज्या खांचेंत ग्राफिक्स कार्ड बसतें ती पीसीआय एक्सप्रेस खांच स्वतः जास्तींत जास्त ७५ वॅट वीज देऊं शकते. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डास पॉवर सप्लायमधून वेगळी तार आणावी लागते : सहा टोंकांची तार आणखी ७५ वॅट देते, आठ टोंकांची १५० वॅट. कचेरीच्या यंत्रांत ह्या तारा बहुधा नसतातच. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार ? कांहीं दुकानदार हार्ड डिस्कच्या तारेस जोड लावून कार्डाची सोय करून देतात. ज्या तारेवर इतका भार घालण्याचा बनविणाराचा हेतु नव्हता तिच्यावर तो घालणें म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत बंद खोलींत विस्तव ठेवण्यासारखें आहे. पॉवर सप्लायच बदलूं म्हटलें, तर ह्या यंत्राच्या मदरबोर्डाची विजेची खोबण नेहमींच्या चोवीस टोंकांची नसून आठ टोंकांची असल्यामुळें बाजारांतला साधा सप्लाय वेगळ्या जोडणीवांचून लागत नाहीं. तात्पर्य, अशा यंत्रासाठीं ७५ वॅटच्या आंत भागणारें, वेगळी तार न मागणारें कार्डच पाहावें. घरच्या विजेच्या बिलाची काळजी मात्र पालकांनीं फार करूं नये. ७५ वॅटचें कार्ड रोज तीन तास पूर्ण जोरानें चाललें तरी तीस दिवसांत पावणेसात युनिट होतात. तीन तास खेळण्यांत जो वेळ गेला त्याची काळजी अधिक योग्य.

पेटी जर लहान, आडवी व सपाट असेल तर कार्डही अर्ध्या उंचीचें लागतें, व त्याबरोबर अर्ध्या उंचीची पट्टी खोक्यांत आहे कीं नाहीं तें दुकानांतच उघडून पाहावें. लांबी व जाडी फूटपट्टीनें मोजून कागदावर लिहून न्यावी. हें सांगण्याइतकें क्षुल्लक वाटतें, पण दुकानाच्या दाराशीं "बसेल बहुतेक" ह्या दोन शब्दांवर हजारों रुपयांचे सौदे झालेले मीं पाहिले आहेत.

तार न मागणाऱ्या कार्डांचा इतिहास लहानसा पण बोधप्रद आहे. २०१४ च्या फेब्रुवारींत जीटीएक्स ७५० टीआय हें ६४० गणकांचें कार्ड १४९ डॉलरांस निघालें आणि त्याला फक्त ६० वॅट लागत. २०१६ च्या ऑक्टोबरांत जीटीएक्स १०५० टीआय १३९ डॉलरांस निघालें. २०१९ च्या एप्रिलांत जीटीएक्स १६५० पुन्हा १४९ डॉलरांस. पांच वर्षांत तीन पिढ्या, किंमत जवळजवळ तीच, आणि प्रत्येक खेपेस काम अधिक. सामान्य माणसाच्या दृष्टीनें हा सुकाळच होता. त्यानंतर हा खण जवळजवळ रिकामा झाला. जानेवारी २०२२ मधील ८ जीबीचें आरटीएक्स ३०५० हें २४९ डॉलरांचें, आणि २०२५ च्या जुलैंत आलेलें आरटीएक्स ५०५० हेंही २४९ डॉलरांचेंच. दोहोंसही १३० वॅट, म्हणजे वेगळी तार आलीच. कंपन्यांस वरच्या मालांत नफा अधिक दिसला, व जुन्या यंत्रांचे मालक हिशेबांतून गळाले. म्हणून आज जुन्या संगणकासाठीं बेताच्या किंमतीचें कार्ड शोधणें म्हणजे बहुतांशीं गेल्या कांहीं वर्षांचा उरलेला माल निवडणें होय, आणि निवडणाराजवळ थोडें ज्ञान असल्याशिवाय तें साधत नाहीं.

त्यांतल्या त्यांत २०२२ सालीं एएमडी कंपनीनें आरएक्स ६४०० हें ५३ वॅटचें, अर्ध्या उंचीचें कार्ड काढलें. वरवर पाहतां लहान पेटीच्या मालकासाठींच तें घडविलें आहे असें वाटावें. पण त्यांत एक मेख आहे. कार्ड व प्रोसेसर ह्यांच्यामध्यें माहितीची जी वाट असते तिचे सोळा पदर असावयाचे. ह्या कार्डास चारच आहेत. नव्या यंत्रांत, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तींत, ते चार पदर इतके वेगवान असतात कीं उणीव फारशी जाणवत नाहीं. २०१३ च्या यंत्रांत तिसरी आवृत्ति, तेथें वेग निम्मा. २०११ च्या यंत्रांत दुसरी, तेथें चौथाई. कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली कीं उरलेली माहिती ह्याच अरुंद वाटेनें ये-जा करूं लागते आणि चित्र अडखळतें. शिवाय पडद्यावरील दृश्याचा व्हिडिओ बनविण्याचें जें वेगळें अंग बहुतेक कार्डांत असतें तें ह्यांतून गाळलेलें आहे. ज्या जुन्या यंत्रास ह्या कार्डाची अधिक गरज तेथेंच तें अधिक लंगडें पडतें, ही विसंगति विलक्षण आहे.

इंटेलच्या आर्क ए३८० कार्डाविषयींही हेंच. सहा जीबी मेमरी, किंमत बेताची. परंतु प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळूं देणारी जी रिसायझेबल बार नांवाची सोय आहे तीवांचून तें नीट चालत नाहीं, आणि ही सोय असलेलीं यंत्रें इंटेल स्वतःच आपल्या दहाव्या पिढीपासून पुढचीं समजते. चौथ्या पिढीच्या यंत्रांत तें घालणें म्हणजे उसाच्या चरकाला कोंबडा जुंपण्यासारखें नसलें, तरी बैल जुंपून एक पाय बांधून ठेवण्यासारखें आहे.

मग घ्यावें कोणतें ? २०१३ च्या सुमाराच्या यंत्रास वेगळी तार न मागणारें, वापरलेलें पण तपासून घेतलेलें जीटीएक्स १६५० मला सर्वांत योग्य वाटतें. त्याची मेमरी सेकंदास १२८ गिगाबाइट पुरविते; वरच्या १७ शीं ताडून पाहावें. ह्याच नांवाच्या कांहीं कार्डांस सहा टोंकांची तार लागते, तीं सोडून द्यावीं. थोडा अधिक पैसा जवळ असेल व हमीसह नवेंच हवें असेल तर ६ जीबीचें आरटीएक्स ३०५० पाहावें. तें ७० वॅटचें असून त्याचे पदर आठ आहेत, आणि जुना संगणक गेल्यावर तेंच कार्ड पुढील यंत्रांत नेतां येतें. जीटीएक्स ७५० टीआय व १०५० टीआय हीं एके काळचीं उत्तम कार्डें. पण त्या पिढ्यांसाठीं खेळांचे नेहमींचे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरापर्यंतच, व पुढें २०२८ च्या ऑक्टोबरापर्यंत केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या, असें एनव्हिडियानें जाहीर केलें. फारच थोड्या पैशांत मिळालें तर घ्यावें, हौसेनें घेऊं नये. जीटी ७१०, जीटी ७३० व मंद मेमरीचें जीटी १०३० हीं फक्त दोन कामांस योग्य : संगणकाचें मूळचें चित्रांचें अंग बिघडलें असतां पडदा पुन्हा उजळविणें, किंवा आणखी एक पडदा जोडणें.

येथें मला विद्यार्थ्यांशीं एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची आहे. कार्ड मागतांना तुम्ही "अभ्यासासाठीं" असें म्हणतां. अभ्यासास ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं. निबंध लिहिणें, पाठ ऐकणें, शिक्षकांचा व्हिडिओ पाहणें, हीं कामें जुन्या यंत्राचें मूळचें अंग करूं शकतें. खेळ खेळावयाचा असेल तर खेळ खेळावयाचा आहे असें सांगा. खेळण्याची इच्छा हा कांहीं अपराध नव्हे, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेंही खरें कारण सांगण्यांत तुमचाच लाभ आहे. कारण "अभ्यास" ऐकून वडील साहजिकच म्हणतात कीं, अभ्यासाला स्वस्त कार्ड चालेल, आणि दुकानदार तेंच काढून देतो. वर सांगितलेल्या सुटीच्या कमाईहून कितीतरी अधिक पैसा ह्या एका शब्दापायीं गेला असेल. जो खेळ खेळावयाचा त्याच्या निर्मात्यानें त्यासाठीं कमींत कमी कोणतें कार्ड सांगितलें आहे तें प्रसिद्ध केलेलें असतें. तें लिहून घ्या आणि वडिलांपुढें ठेवा. कांहीं खेळ असे आहेत कीं त्यांत कार्डापेक्षां प्रोसेसरच आधीं थकतो. त्यांना चार हातांचा २०१३ चा प्रोसेसर पुरणार नसेल, तर सोन्याचें कार्ड बसविलें तरी उपयोग नाहीं.

ज्यांना चित्रें, आकृति, चलच्चित्रें करण्याची खरी आवड आहे त्यांची गोष्ट थोडी वेगळी. ब्लेंडर हा त्यांसाठीं एक उत्तम प्रोग्रॅम आहे आणि तो विनामूल्य मिळतो. २००२ सालीं त्याचे कर्ते टॉन रोझेनडाल ह्यांनीं लोकांकडून एक लाख युरो वर्गणी जमवून तो सर्वांस मोकळा करून दिला, हा इतिहासही जाणण्याजोगा आहे. ह्या कामांत कार्डाची शक्ति फार उपयोगी पडते, परंतु ब्लेंडर फार जुन्या पिढ्यांच्या कार्डांचा आधार क्रमाक्रमानें काढून घेत असतो. म्हणून येथेंही नांवापेक्षां पिढी पाहावी. आणि प्रारंभ करण्यास कार्ड लागतच नाहीं. प्रोसेसरवर चित्र तयार होण्यास वेळ अधिक लागेल, इतकेंच. सहा महिने तसें काम करून ज्याची आवड टिकली त्यास कार्ड घेऊन देण्यांत पालकांनीं मागेंपुढें पाहूं नये.

आतां पालकांकडे वळतों. मूल कार्ड मागत असेल आणि घरच्या संगणकांत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर पहिला रुपया कार्डावर घालूं नये. सेकंदास शेंदीडशें मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कच्या जागीं पांचशेंच्या आसपास वाचणारी साधी साटा जातीची एसएसडी बसविली म्हणजे यंत्र चालू होण्यास, प्रोग्रॅम उघडण्यास जो वेळ लागतो तो इतका कमी होतो कीं, कित्येकदां "संगणक मंद आहे" ही तक्रारच नाहींशी होते. आणि ज्याला मूल कार्डाचा दोष समजत होतें तो डिस्कचा होता असें दिसून येतें. दुसरा रुपया मेमरीवर. एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीची दुसरी लावावी; जुन्या यंत्राचें मूळचें चित्रांचें अंग हीच मेमरी वापरीत असल्यामुळें जोडी झाली कीं त्याचा पुरवठा सेकंदास १२.८ गिगाबाइटांवरून २५.६ वर जातो. कार्डाचा विचार त्यानंतर. ह्याबरोबरच हेंही ध्यानांत ठेवावें कीं, विंडोज १० चा नेहमींचा आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला, आणि विंडोज ११ साठीं इंटेलच्या साधारणपणें आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर त्या कंपनीनें मान्य केले आहेत. तेव्हां चौथ्या पिढीच्या यंत्रावर पुढें लिनक्स घालावयाचें, कीं तें आणखी दोन वर्षांनीं बदलावयाचें, ह्याचा निर्णय कार्डाच्या आधीं व्हावा. दोनच वर्षांचा सोबती असेल तर त्याच्यासाठीं घेतलेलें कार्ड पुढच्या यंत्रांत उपयोगी पडेल असेंच पाहिजे.

वापरलेलें कार्ड घ्यावें कीं नाहीं ह्याविषयीं पुष्कळांच्या मनांत भीति असते. इथेरियम नांवाचें आंकडेमोडीचें चलन मिळविण्यासाठीं कित्येकांनीं रात्रंदिवस कार्डें चालविलीं होतीं. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्या चलनाची पद्धतच बदलली आणि तीं कार्डें बाजारांत येऊं लागलीं. अशा कार्डाचा पंखा झिजलेला असण्याचा संभव असतो. पण माझी भीति झिजलेल्या पंख्याहून खोट्या नांवाची अधिक आहे. जुन्या पिढीच्या कार्डांतील लेख बदलून त्यांस १०५० टीआय म्हणवून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. जीपीयू-झेड नांवाचा एक लहानसा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. २०१८ पासून त्यांत एनव्हिडियाचीं बनावट कार्डें ओळखण्याची सोय आहे. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यांत बुधवार पेठेच्या तापकीर गल्लींत जेथें कोठें कार्ड पाहाल तेथें तें चालू यंत्रांत लावून घ्यावें, हा प्रोग्रॅम उघडून गणकांची संख्या व मेमरीची जात डोळ्यांनीं वाचावी, दहापंधरा मिनिटें जोराचें काम देऊन पंख्याचा आवाज ऐकावा. जो विक्रेता एवढें करूं देत नाहीं त्याला नमस्कार करून पुढें जावें. पावतीवर कार्डाचें पूर्ण नांव, मेमरीची जात व क्रमांक लिहवून घ्यावा, पुढें "चालतें ना?" असा प्रश्न आला तर निदान दाखविण्यास एक कागद हातीं असतो.

कार्ड मुलानें स्वतः बसवावें, दुकानदारानें नव्हे. यंत्राची वीज तोडून, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी, कार्ड खांचेंत सरळ दाबावें, स्क्रू आंवळावा. तासाभराचें काम आहे, व त्यांत विज्ञानाच्या पुस्तकांतील दोनतीन प्रकरणें प्रत्यक्ष हाताखालून जातात. जुना पडदा निळ्या रंगाच्या व्हीजीए तारेचा असेल तर नव्या कार्डांवर ती खोबण नसते. त्यासाठीं एचडीएमआयपासून व्हीजीए करणारा परिवर्तक आधींच आणून ठेवावा. आणि सर्व झाल्यावर पडद्याची तार मदरबोर्डाच्या जुन्या खोबणींतून काढून कार्डाच्या खोबणींत लावण्यास विसरूं नये. नाहींतर नवें कार्ड पेटींत स्वस्थ बसून राहतें, आणि "कार्ड वाईट निघालें" म्हणून घरांत आठ दिवस वाद चालतो.